कोणता प्रोग्रॅम कोणत्या मॉनिटरवर उघडेल, हे तुम्ही ठरवा

एक्सेल उजवीकडच्या मॉनिटरवर हवं असतं आणि ते डावीकडे उघडतं. ब्राउझर मोठ्या स्क्रीनवर हवा असतो, तो लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर जाऊन बसतो. रोज सकाळी त्याच चार विंडो ओढून त्याच जागी न्यायच्या, आणि जेवून आल्यावर मॉनिटर झोपेतून उठला की पुन्हा तेच. दोन मॉनिटर वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हा त्रास ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिलेला असतो. पण यातला बराचसा त्रास कोणतंही नवं सॉफ्टवेअर न घेता जातो आणि उरलेला फुकट मिळणाऱ्या एका साधनाने आटोक्यात येतो. आधी एवढंच समजून घ्यावं लागतं की विंडोची जागा नेमकं कोण ठरवतं.

इथे सगळं विंडोज ११ धरून सांगितलं आहे. विंडोज १० मध्ये वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटी थोडक्यात येईल.

जागा ठरवतं कोण?

‘हा प्रोग्रॅम कायम दुसऱ्या मॉनिटरवर उघड’ असं सरळ सेटिंग विंडोजमध्ये शोधत बसू नका. तसं सेटिंग नाहीच. विंडो कुठे उघडायची याचा निर्णय काही पायऱ्यांनी होतो.

पहिला हक्क त्या प्रोग्रॅमचा असतो. चांगल्या रीतीने लिहिलेला प्रोग्रॅम बंद होताना आपली जागा आणि आकार नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी उघडताना तीच जागा मागतो. वर्ड, एक्सेल, क्रोम, एज, फाइल एक्सप्लोरर हे सगळे या गटातले. प्रोग्रॅमने स्वतःहून जागा मागितली की विंडोज सहसा त्यात ढवळाढवळ करत नाही.

प्रोग्रॅमने काहीच मागितलं नाही, तर तो सुरू कुठून झाला हे विंडोज बघतं. तुम्ही डाव्या मॉनिटरवरच्या टास्कबारवर क्लिक केलं असेल, तर ‘क्लिक या मॉनिटरवर झालं’ ही खूण प्रोग्रॅमसोबत पाठवली जाते आणि विंडो तिथेच उघडते. अशी खूणही नसेल, तर मुख्य मॉनिटर. ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘प्रिंट’सारखे डायलॉग बॉक्स मात्र सहसा ज्या विंडोतून निघाले तिच्याच मॉनिटरवर येतात, त्यामुळे त्यांचा वेगळा विचार करावा लागत नाही.

म्हणून पहिलं काम निदानाचं. त्रास देणारा प्रोग्रॅम उघडा, दुसऱ्या मॉनिटरवर न्या, बंद करा. आता पहिल्या मॉनिटरवरच्या टास्कबारवरून तो पुन्हा उघडा. दुसऱ्या मॉनिटरवर उघडला, तर तो स्वतः जागा लक्षात ठेवतो. पहिल्यावर उघडला, तर पुन्हा बंद करा आणि या वेळी दुसऱ्या मॉनिटरच्या टास्कबारवरून उघडा. क्लिक जिथे, विंडो तिथे, असं होत असेल तर तो क्लिकच्या खुणेवर चालतो. कुठूनही उघडला तरी मुख्य मॉनिटरवरच जात असेल, तर त्याला बाहेरून धरून हलवावं लागेल. (दुसऱ्या मॉनिटरवर टास्कबारच दिसत नसेल तर तो कसा आणायचा, ते पुढे आहे.) तिन्ही प्रकारांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि निदान न करता एकदम मोठं सॉफ्टवेअर बसवलं की ते आणि तो प्रोग्रॅम जागेवरून एकमेकांशी भांडत राहतात.

मांडणी आधी नीट करा

डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट-क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. वर मॉनिटरचे चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबा, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर तिचा क्रमांक मोठ्या अक्षरात उमटेल. या क्रमांकांचा डाव्या-उजव्याशी काही संबंध नसतो. २ क्रमांकाचा मॉनिटर डावीकडे असला तरी चालतं. चौकोन मात्र टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच ओढून लावा. लॅपटॉप मॉनिटरपेक्षा खाली असेल तर त्याचा चौकोनही थोडा खाली सरकवा, नाहीतर माऊस कडेला येऊन अडकतो. मग ‘अप्लाय’.

मांडणीचा पर्याय ‘एक्स्टेंड’ असायला हवा. ‘डुप्लिकेट’ असेल तर दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दिसतं आणि पुढचं काहीच लागू होत नाही. विंडोज आणि ‘पी’ या दोन की एकत्र दाबल्या की हे पर्याय लगेच समोर येतात.

आता मुख्य मॉनिटर. ज्या स्क्रीनवर जास्तीत जास्त गोष्टी उघडाव्यात असं वाटतं तिचा चौकोन निवडा, खाली ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडा आणि ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर खूण करा. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडलेला असेल तर मोठाच मुख्य ठेवा, असं माझं ठाम मत आहे. काही न सांगणारे जुने प्रोग्रॅम आणि पूर्ण स्क्रीनवर चालणारे बरेचसे गेम मुख्य मॉनिटरवर जातात. ते बारा-पंधरा इंची स्क्रीनवर जाण्यापेक्षा समोरच्या मोठ्या स्क्रीनवर आलेले बरे. एवढ्या एका बदलानेच कितीतरी लोकांची निम्मी तक्रार संपते.

मुख्य मॉनिटर निवडण्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. विंडोज प्रत्येक विंडोची जागा आडव्या आणि उभ्या आकड्यात मोजतं. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे ०, ०. उजवीकडे गेलं की आडवा आकडा वाढतो, खाली गेलं की उभा आकडा वाढतो. मुख्य मॉनिटरच्या डावीकडे १९२० पिक्सेल रुंदीचा दुसरा मॉनिटर असेल, तर त्याचे आडवे आकडे उणे १९२० ते उणे १ असे असतात. एखादी विंडो ‘उणे १५००’ अशी जागा लक्षात ठेवून बंद झाली आणि नंतर तो डावा मॉनिटर काढून टाकला, तर काय होईल याची कल्पना करा. विंडो उघडते, टास्कबारवर दिसते, पण स्क्रीनवर कुठेच नसते. हरवलेल्या विंडोमागे बहुतेक वेळा हेच असतं.

बंद करण्याची योग्य रीत

जागा लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमना आपण नेमकं काय लक्षात ठेवायला देतो, यावर सगळं अवलंबून आहे. क्रम असा:

१. प्रोग्रॅमच्या बाकीच्या सगळ्या विंडो बंद करा, एकच ठेवा.
२. ती पूर्ण स्क्रीनभर पसरलेली असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मधल्या बटणाने लहान करा.
३. लहान अवस्थेतच तिला हव्या त्या मॉनिटरवर न्या आणि हवा तो आकार द्या.
४. पूर्ण पसरलेलीच हवी असेल तर आता पुन्हा मॅक्सिमाइझ करा.
५. कोपऱ्यातल्या फुलीने किंवा ऑल्ट-एफ४ ने बंद करा.

दुसरी पायरी लोक हमखास वगळतात. बरेच प्रोग्रॅम दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतात: विंडो पसरलेली होती का, आणि न पसरलेल्या अवस्थेत ती कुठे होती. यातली दुसरी नोंद जुन्या मॉनिटरचीच राहिली असेल तर विंडो तिथेच जाऊन पसरते. मॅक्सिमाइझ होताना विंडो ज्या मॉनिटरवर तिची मूळ जागा असते, तोच मॉनिटर भरून टाकते.

पहिली पायरीही तितकीच महत्त्वाची. एक्सेलच्या तीन फाइली उघड्या असतील, तर शेवटी बंद झालेल्या विंडोची जागा टिकते. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक वर्कबुक स्वतंत्र विंडोत उघडतं. त्यामुळे जीएसटीची खरेदीची यादी एका मॉनिटरवर आणि पोर्टलवरून उतरवलेली फाइल दुसऱ्यावर अशी आरामात ताडून बघता येते. मात्र काम संपवताना आधी लॅपटॉपवरची फाइल बंद करा, मोठ्या मॉनिटरवरची सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी एक्सेल मोठ्या मॉनिटरवर हजर असेल. टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करून मारलेल्या प्रोग्रॅमला ही नोंद करायची संधीच मिळत नाही. सारखा अडकणारा प्रोग्रॅम जागा विसरतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

विंडो ओढायला माऊसच लागतो असं नाही. विंडोज आणि शिफ्ट दाबून धरा आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. समोरची विंडो आहे त्या आकारात शेजारच्या मॉनिटरवर जाते. ही सोय विंडोज ७ पासून आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

ब्राउझर: एकाच वेळी दोन ठिकाणी

क्रोम आणि एज विंडोची जागा प्रोफाइलनुसार लक्षात ठेवतात, आणि याचा छान उपयोग होतो. कार्यालयीन कामासाठी एक प्रोफाइल आणि घरगुती वापरासाठी दुसरं, अशी दोन प्रोफाइल केलीत की दोघांची जागा वेगळी राहते. कामाचं प्रोफाइल मोठ्या मॉनिटरवर बंद करा, घरचं लॅपटॉपवर. प्रत्येकाचा शॉर्टकट टास्कबारवर वेगळा पिन होतो आणि जो दाबाल तो आपापल्या जागी उघडतो. पासवर्ड आणि बुकमार्कही एकमेकांत मिसळत नाहीत.

याच्याही पुढे जायचं असेल तर एखादी वेबसाइट ॲप म्हणून बसवता येते. व्हॉट्सॲप वेबचं उदाहरण घ्या. एजमध्ये साइट उघडून तीन टिंबांच्या मेनूत ‘ॲप्स’खाली ती बसवण्याचा पर्याय आहे, क्रोममध्ये तो ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’खाली ‘इन्स्टॉल पेज ॲज ॲप’ या नावाने मिळतो. अशी बसवलेली साइट स्वतःच्या विंडोत, टॅबपट्टीशिवाय उघडते आणि तिची जागा ब्राउझरच्या मुख्य विंडोपासून स्वतंत्रपणे लक्षात राहते. पत्रव्यवहार, कॅलेंडर, निरोप या गोष्टी दिवसभर बाजूच्या स्क्रीनवर उघड्या ठेवायच्या असतील तर यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

कंट्रोल-एन ने उघडलेली नवी विंडो आधीच्या विंडोपासून थोडी सरकून त्याच मॉनिटरवर येते. म्हणून ज्या मॉनिटरवर नवी विंडो हवी, तिथल्या विंडोवर आधी एकदा क्लिक करा आणि मग कंट्रोल-एन दाबा.

क्लिकच्या जागेवर चालणारे प्रोग्रॅम

यांच्यासाठी दुसऱ्या मॉनिटरवरही टास्कबार हवा. टास्कबारवर राइट-क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’, त्यात ‘टास्कबार बिहेवियर्स’, आणि ‘शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज’ला खूण करा. त्याखाली कोणत्या टास्कबारवर कोणती चिन्हं दिसावीत याचा पर्याय आहे. विंडो ज्या मॉनिटरवर उघडी आहे तिथल्याच टास्कबारवर तिचं चिन्ह दिसेल, असा पर्याय निवडला की गोंधळ खूप कमी होतो: ज्या स्क्रीनकडे बघताय, तिथल्याच विंडो तिच्या टास्कबारवर.

शॉर्टकटचाही थोडा उपयोग होतो. शॉर्टकटवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘रन’ या रकान्यात साधी, मिनिमाइझ किंवा मॅक्सिमाइझ यांपैकी एक निवडता येतं. मॉनिटर मात्र इथून निवडता येत नाही, आणि काही प्रोग्रॅम हा रकाना सरळ दुर्लक्षित करतात.

ज्यांचं स्वतःचं सेटिंग आहे

पॉवरपॉइंटच्या बाबतीत विंडोशी झगडू नका. ‘स्लाइड शो’ टॅबवर ‘मॉनिटर’ नावाची यादी आहे. सादरीकरण कोणत्या स्क्रीनवर दिसावं ते तिथे निवडा आणि शेजारी ‘यूज प्रेझेंटर व्ह्यू’ला खूण करा. प्रोजेक्टरवर स्लाइड आणि तुमच्यासमोर टिपणं असं वाटप होतं. ऐन वेळी उलटं झालंच, तर प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये दोन्हींची अदलाबदल करता येते. शाळेत-महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी हे घरी एकदा करून बघावं. वर्गात पन्नास मुलांसमोर शोधत बसण्याची गोष्ट नाही ही.

झूमच्या ‘जनरल’ सेटिंगमध्ये दोन मॉनिटर वापरण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की माणसं एका स्क्रीनवर आणि शेअर केलेला मजकूर दुसऱ्यावर दिसतो. गेम पूर्ण स्क्रीनऐवजी ‘बॉर्डरलेस’ म्हणजे कडा नसलेल्या विंडोत चालवला, तर तोही विंडोज-शिफ्ट-बाणाने हलवता येतो.

फॅन्सीझोन्स: न ऐकणाऱ्यांसाठी

वरचं सगळं करूनही जे प्रोग्रॅम आपलंच खरं करतात, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘पॉवरटॉइज’ आहे. हे नाव विंडोज ९५ च्या काळातलं. २०१९ पासून ते मुक्त स्रोत रूपात नव्याने सुरू झालं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून विनामूल्य मिळतं. त्यात बरीच साधनं आहेत, पैकी आपल्या कामाची दोन.

पहिलं फॅन्सीझोन्स. पॉवरटॉइजच्या सेटिंग्जमध्ये ते चालू करा आणि लेआउट एडिटर उघडा. विंडोज आणि शिफ्टसोबत टॅबच्या वरची, एस्केपखालची की दाबली तरी तो उघडतो. एडिटरच्या माथ्यावर तुमचे मॉनिटर दिसतात. प्रत्येकावर क्लिक करून त्याचा वेगळा लेआउट निवडायचा: उभे स्तंभ, आडव्या ओळी, जाळी वगैरे. लेआउटमधल्या प्रत्येक भागाला झोन म्हणतात. माझी शिफारस अशी की लॅपटॉपवर एकच झोन ठेवा आणि मोठ्या मॉनिटरवर दोन किंवा तीन उभे स्तंभ. सुरुवातीला लोक सहा-सात झोन करतात आणि मग कोणती विंडो कुठे टाकायची याचाच विचार करत बसतात.

लेआउट जतन झाला की कोणतीही विंडो शीर्षकपट्टीला धरून ओढताना शिफ्ट दाबा. झोनच्या चौकटी उजळतात, हव्या त्या चौकटीत विंडो सोडा, ती तिथे नेमकी बसते.

आता खरं सेटिंग. फॅन्सीझोन्सच्या पर्यायांत खाली ‘मूव्ह न्यूली क्रिएटेड विंडोज टू देअर लास्ट नोन झोन’ असं एक कलम आहे. त्याला खूण करा. म्हणजे नवी उघडणारी विंडो शेवटी ज्या झोनमध्ये होती तिथे हलवली जाते, मग प्रोग्रॅमला स्वतःची जागा लक्षात राहो न राहो. प्रत्येक प्रोग्रॅम एकदा हाताने झोनमध्ये टाकून दाखवावा लागतो, त्यानंतर तो शिकतो. याच्याच जवळ नवी विंडो सध्या वापरात असलेल्या मॉनिटरवर आणण्याचा पर्याय आहे. जिथे काम करताय तिथेच सगळं उघडावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो चालू करावा.

दोन ठिकाणी अडतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेले प्रोग्रॅम फॅन्सीझोन्सला हलवता येत नाहीत, पॉवरटॉइज स्वतःही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असल्याशिवाय. कार्यालयातल्या संगणकावर तो अधिकार नसेल, तर त्या प्रोग्रॅमचा नाद सोडा. आणि एकच झोन दोन मॉनिटरवर पसरवण्याची सोय वापरायची असेल, तर दोन्ही मॉनिटरचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ती टक्केवारी, सारखं असायला हवं. एखादा प्रोग्रॅम झोनमध्ये टाकल्यावर वेडावाकडा दिसत असेल, तर वगळायच्या प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नाव लिहून टाका.

वर्कस्पेसेस: सकाळची सगळी मांडणी एका क्लिकवर

दुसरं साधन वर्कस्पेसेस, २०२४ मध्ये पॉवरटॉइजमध्ये आलेलं. भाषांतरकार, हिशेबनीस, ग्राफिक डिझायनर असे जे लोक रोज ठरावीक प्रोग्रॅम ठरावीक जागी उघडतात, त्यांच्यासाठी मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आधी तुमचं टेबल मांडा. एका भाषांतरकाराचं उदाहरण घेऊ: मोठ्या मॉनिटरवर डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे वर्ड, आणि लॅपटॉपवर शब्दकोशाची साइट व व्हॉट्सॲप. सगळ्या विंडो नेमक्या हव्या तिथे आणि हव्या त्या आकारात ठेवा. नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. मिनिमाइझ करून भागत नाही, तेही टिपले जातात. आता वर्कस्पेसेसचा एडिटर उघडा, ‘क्रिएट वर्कस्पेस’ आणि मग ‘कॅप्चर’. समोर आलेल्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मॉनिटरखाली दिसतो.

इथे घाई करू नका, यादीतला प्रत्येक प्रोग्रॅम उघडून बघा. डावीकडून किती, वरून किती, रुंदी आणि उंची किती हे आकडे बदलता येतात. मघाशी सांगितलेले उणे आकडे इथे भेटतील, ते बघून दचकू नका. वर्ड टिपताना फक्त वर्ड टिपलं जातं, त्यात उघडलेली फाइल नाही. ती फाइलही उघडावी असं वाटत असेल तर ‘सीएलआय आर्ग्युमेंट्स’ या रकान्यात तिचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहा. ब्राउझरसाठी त्याच रकान्यात साइटचा पत्ता चालतो. शेवटी डेस्कटॉप शॉर्टकटला खूण करा आणि जतन करा.

एडिटरमध्ये ‘मूव्ह एक्झिस्टिंग विंडोज’ असाही एक पर्याय आहे. तो निवडला तर आधीपासून उघड्या असलेल्या विंडोच उचलून जागेवर नेल्या जातात, नव्या उघडत नाहीत. दुपारी सगळं विस्कटलं असेल तर हाच पर्याय कामाचा. कामाप्रमाणे दोन-तीन वर्कस्पेस करून ठेवा. संगणक सुरू होताच ते आपोआप चालावं अशी व्यवस्था मात्र मी करत नाही. मॉनिटर पूर्ण जागे व्हायच्या आधीच विंडो उघडल्या तर त्या चुकीच्या स्क्रीनवर जातात. लॉगिन झाल्यावर दोन्ही स्क्रीन दिसू लागल्या की हाताने शॉर्टकट दाबलेला बरा.

याहून बारीक नियंत्रण हवं असेल तर ‘डिस्प्लेफ्यूजन’ आहे. त्यात ‘अमुक विंडो उघडली की तमुक मॉनिटरवर ने’ असे नियम लिहिता येतात. किंवा ‘ऑटोहॉटकी’ या विनामूल्य भाषेत दोन ओळींची स्क्रिप्ट: एक ओळ विंडोची वाट बघते, दुसरी तिला दिलेल्या आकड्यांवर हलवते. विंडोचं नेमकं नाव आणि आकडे काढायला त्यासोबत येणारा ‘विंडो स्पाय’ वापरा. ज्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी नक्की करून बघावं. इतरांचं वर्कस्पेसेसवर भागतं.

जेवून आलं की सगळं एकाच स्क्रीनवर

मॉनिटर झोपतो, उठतो आणि सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. डिस्प्लेपोर्ट केबल वापरणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. मॉनिटर बंद झाला किंवा गाढ झोपला की तो जोडलेलाच नाही असं संगणकाला कळतं. मग विंडोज तिथल्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर आणून ठेवतं.

विंडोज ११ मध्ये यावर नीट काम झालं आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ चालू आहे ना, ते बघा. मॉनिटर परत जोडला गेला की विंडो आपापल्या जागी परततात. त्याच्या खालचं सेटिंग मॉनिटर निघताच त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइझ करतं. रोज लॅपटॉप डॉकमधून (मॉनिटर वगैरे जोडून ठेवलेल्या ठोकळ्यातून) काढून मीटिंगला नेणाऱ्यांनी तेही चालू ठेवावं, म्हणजे छोट्या स्क्रीनवर ढीग होत नाही.

विंडोज १० मध्ये ही सेटिंग्ज नाहीत, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधारही थांबला. अजून त्यावरच असाल तर ‘पर्सिस्टंट विंडोज’ हे विनामूल्य साधन मांडणी टिपून ठेवतं आणि मॉनिटर परतल्यावर ती पुन्हा लावतं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद करून बघा. एरवी काम थांबवताना मॉनिटर बटणाने बंद करण्याऐवजी विंडोज-एल ने फक्त स्क्रीन लॉक करा.

केबल रोज त्याच पोर्टला लावा. पोर्ट बदलला की विंडोज कधी कधी त्याला नवी मांडणी समजतं आणि तुमची जुनी व्यवस्था लागू होत नाही.

हरवलेली विंडो परत आणणं

टास्कबारवर प्रोग्रॅम दिसतो पण स्क्रीनवर नाही. आधी टास्कबारवरून तो निवडा आणि विंडोज-शिफ्ट-बाण एक-दोनदा दाबा. बहुतेक वेळा विंडो एवढ्यानेच येते.

नाही आली तर टास्कबारवरच्या चिन्हावर माऊस ठेवा. वर जे छोटं चित्र दिसेल त्याच्यावर राइट-क्लिक करा आणि ‘मूव्ह’ निवडा. ‘मूव्ह’ पुसट दिसत असेल तर आधी ‘रिस्टोअर’ निवडा. आता माऊसला हात न लावता कीबोर्डवरचा कोणताही एक बाण एकदा दाबा. त्यानंतर माऊस हलवला की विंडो त्याला चिकटून येते, आणि क्लिक केलं की सुटते. आधी बाण दाबल्याशिवाय विंडो माऊसला पकडत नाही, म्हणून ती पायरी गाळू नका. विंडो परत आली की वर सांगितलेल्या रीतीने लहान करून, हव्या जागी ठेवून बंद करा. नाहीतर जुने उणे आकडे तसेच राहतील आणि उद्या पुन्हा हेच.

विंडो येते पण आकार भलताच असतो, अक्षरं धूसर दिसतात, असं असेल तर कारण स्केलिंगचं आहे. पंधरा इंची लॅपटॉपवर १२५ टक्के आणि २४ इंची मॉनिटरवर १०० टक्के असं वेगळं स्केलिंग अगदी सर्रास असतं. नवे प्रोग्रॅम मॉनिटर बदलला की स्वतःला जुळवून घेतात, जुने घेत नाहीत. अशा प्रोग्रॅमच्या मूळ फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबवर ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ आहे, तिथले पर्याय एकेक करून बघा. तेवढ्याने जमलं नाही तर तो प्रोग्रॅम मुख्य मॉनिटरवरच वापरा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ही गोष्ट सरळ आहे. ॲपची विंडो हव्या त्या मॉनिटरवर ठेवा, डॉकमधल्या (स्क्रीनच्या कडेच्या चिन्हांच्या पट्टीतल्या) त्याच्या चिन्हावर राइट-क्लिक करा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘असाइन टू’खाली त्या डिस्प्लेचा डेस्कटॉप निवडा. प्रत्येक डिस्प्लेला स्वतंत्र स्पेसेस (आभासी डेस्कटॉप) असण्याचं सेटिंग त्यासाठी चालू हवं. एरवी विंडोच्या हिरव्या बटणावर माऊस थांबवला की ती दुसऱ्या डिस्प्लेवर पाठवण्याचा पर्याय येतो.

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असाल तर यातलं सर्वांत बारीक नियंत्रण तुमच्याच हातात आहे. विंडोच्या शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक करून ‘मोअर ॲक्शन्स’मध्ये त्या ॲपसाठी खास नियम करता येतो. त्यात ‘स्क्रीन’ हा गुणधर्म जोडा, क्रमांक द्या आणि ‘अप्लाय इनिशियली’ निवडा. मग विंडो त्या स्क्रीनवर उघडते आणि नंतर तुम्ही ती हलवूही शकता. ‘फोर्स’ निवडलंत तर ती तिथून हलणारच नाही, म्हणून ते जपून वापरा. नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये, वेलँड या स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर, ॲपला स्वतःची जागा मागण्याची मुभाच नसते. त्यामुळे तिथे सुपर (म्हणजे विंडोज की)-शिफ्ट-बाणाने विंडो शेजारच्या मॉनिटरवर नेणं हाच रोजचा मार्ग.